पट्टी जुळली पाहिजे

केज तालुक्यातल्या कोणत्याही गावात जयंतीची बैठक बसली की एका पट्टीची चर्चा हमखास होते. ही पट्टी म्हणजे घरटी वर्गणी. नोकरदारांनी किती द्यायची, मजुरांनी किती द्यायची, यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतो. मग गायन पार्टी ठरते, तिला इसार दिला जातो आणि बैठक चहा घेऊन उठते. 'पट्टी' या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. पेटीवरच्या ज्या सुराला 'सा' मानून गायचे, ती गाण्याची पट्टी. तिच्याविषयी बैठकीत कोणी अक्षर काढीत नाही, आणि कार्यक्रमाच्या रात्री फजिती होते ती नेमकी तिच्यावरून.

गावातले हौशी मंडळ आणि बाहेरून बोलावलेली व्यावसायिक गायन पार्टी यांनी एकत्र बसून कार्यक्रम करायचा तर काय काय जुळावे लागते, हे समाजबांधवांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना समजावून सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे. आम्ही संगीताचे पंडित नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिकाची नोकरी करतो आणि मंडळात पेटी वाजवतो. काळी एक ही पट्टी सोडली तर आमची बोटे नीट चालतही नाहीत. परंतु अनेक वर्षे स्टेजच्या कोपऱ्यात पेटीमागे बसून जे पाहिले, ते सांगायला एवढी पात्रता पुरेशी आहे, असे वाटते.

हौशी कोण आणि व्यावसायिक कोण?

पोटासाठी दुसरे काम करून जो गातो तो हौशी, आणि गाण्यावर ज्याची चूल पेटते तो व्यावसायिक. आमच्या मंडळात एक शिक्षक आहेत, एक गवंडी आहेत, दोघे ऊसतोड कामगार आहेत, अंगणवाडीतल्या एक ताई आहेत. यांतल्या कोणालाही गाण्याचे पैसे मिळत नाहीत. गायन पार्टीत मुख्य गायक, ढोलकीवाला, बेंजो किंवा की-बोर्ड वाजवणारा, ऑक्टोपॅडवाला आणि कोरस असे सहा-सात जण असतात. ते गावोगाव कार्यक्रम करतात आणि बिदागी वाटून घेतात.

'हौशी' या शब्दात कमीपणा नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. बाबासाहेबांचे घराणे कबीरपंथी होते. सुभेदार रामजी घरात भजने म्हणत, मुलांकडून म्हणवून घेत. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. एवढ्या कामाच्या रगाड्यात ज्यांनी हाती गज धरला, त्यांना त्यातून पैसा मिळवायचा नव्हता. तशीच व्यावसायिक कलावंताविषयीची 'हे लोक महापुरुषांच्या नावावर पैसे कमावतात' ही कुजबुजही बरोबर नाही. आठ-आठ तास रियाज करून, रात्रीचा प्रवास करून जो आवाज आपल्यापर्यंत येतो, त्याच्याही घरी मुलांची फी भरायची असते.

परंपरा एकत्र बसण्याचीच आहे

हौशी वेगळे आणि व्यावसायिक वेगळे, ही फारकत आपल्या परंपरेत मुळात नव्हती. १८७३ साली महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या विचारांचा प्रसार पुढे सत्यशोधक जलशांनी खेड्यापाड्यांत केला. त्याच वाटेने आंबेडकरी जलसा आला. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३०च्या दशकात जलशातून बाबासाहेबांचा विचार लोकांपर्यंत नेला, आणि पुढे या जलशांवर पुस्तकही लिहिले. जलशाने तमाशाचा बाज घेतला, ढोलकी घेतली, तुणतुणे घेतले, झील घेतली आणि आशय मात्र नवा भरला. जलशात काम करणारी माणसे दिवसा कष्टाची कामे करून रात्री उभी राहत. गाणे हा त्यांचा धंदा नव्हता, पण स्टेजवरची कसबी कला त्यांनी आपलीशी केली होती.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे. गिरणीत काम केलेला हा माणूस मैदानावर आवाज सोडायचा तेव्हा हजारोंचा समुदाय स्तब्ध व्हायचा.

महाकवी वामनदादा कर्डक यांचे उदाहरण तर विद्यार्थ्यांनी पाठच करावे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. शाळेची संधी मिळाली नाही. मोठेपणी मुंबईत कष्टाची कामे करताना त्यांनी अक्षरे गिरवली आणि पुढे हजारो गीते लिहिली. ती गीते मोठमोठ्या गायकांनी गायली, आणि ज्यांना पेटीचा 'सा' ठाऊक नव्हता अशा मायमाउल्यांनीही जात्यावर, खुरपणीत गायली. दुसरीकडे प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा पहाडी आवाजाचा गायक. त्यांनी भीमगीते गायली, कव्वाली गायली, विठ्ठलाची गाणीही गायली. त्यांच्यानंतर आनंद आणि मिलिंद शिंदे, आणि पुढच्या पिढीत आदर्श शिंदे, असे हे घरच गाण्याचे झाले. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ सालीच गेले. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी तर २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, स्टेजवरच देह ठेवला.

आमच्या लहानपणी ही गाणी कॅसेटवर होती. टेपरेकॉर्डर वस्तीत एखादाच असायचा आणि कॅसेटची रीळ गुंतली की पेन्सिल घालून फिरवावी लागायची. गावातल्या मंडळांनी कित्येक गाणी त्या कॅसेट ऐकून बसवली. पण काही गाणी कॅसेटवर कधी आलीच नाहीत. ती कोणा शाहिराने गावात येऊन म्हटली आणि मंडळातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहिली. म्हणजे कसब पार्टीकडे आणि आठवण मंडळाकडे, अशी वाटणी झाली. दोघे एका स्टेजवर आले नाहीत तर पार्टीला ती गाणी कधी कळत नाहीत, आणि मंडळाला ती नीट गाता येत नाहीत.

पट्टी म्हणजे काय, आणि ती का फसते?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा आपल्या आवाजाला झेपेल ती पट्टी 'सा' म्हणून निवडतो. साधारण पुरुषी आवाजाला काळी एक किंवा काळी दोन सोयीची पडते. बायकांना काळी चार, काळी पाच. म्हणून पुरुषांच्या काळी एकमध्ये बायकांना गायला लावले की त्यांचा आवाज खाली गडप होतो, नाही तर वर जाऊन चिरकतो. कव्वालीच्या अंगाने तयार झालेले व्यावसायिक गायक मात्र बरेच उंच गातात. पांढरी पाचवर ते सहज खेळतात. अंतऱ्यात वरचा 'सा' लावायचा तर त्या पट्टीत साध्या पुरुषी आवाजाचा श्वास कोंडतो.

एका वर्षी आमच्याकडे हेच झाले. पार्टी बाहेरच्या जिल्ह्यातून आली, ती रात्री नऊला. तीन गाणी मंडळ आणि पार्टी यांनी मिळून म्हणायची, असे फोनवर ठरले होते. तालीम नाही, ओळख नाही. गायकाने पांढरी पाच धरली. पहिला अंतरा आला आणि आमच्या पुरुषांचे आवाज एकेक करून बंद पडले. बाजूला बसलेल्या महिला मंडळाला मात्र ती पट्टी मानवली. गाणे त्यांनी शेवटपर्यंत नेले. पुढे बसलेली पोरे आमच्याकडे बोट दाखवून हसत होती. आमची बोटे तर पेटीवर नुसतीच फिरत होती, भाता केव्हाच थांबला होता.

पण खरे दुखणे पुढेच होते. आमच्या मंडळात चाळीस वर्षे ढोलकी वाजवणारे एक तात्या आहेत. त्यांची ढोलकी काळी एकला लावलेली. ढोलकीची शाईची बाजू गाण्याच्या सुरात लावावी लागते. थोडी चढवता-उतरवता येते, परंतु मोठ्या तोंडाची ढोलकी काळी एकवरून पांढरी पाचवर नेता येत नाही, पान फाटते. त्यामुळे ती बेसूर बोलू लागली. पार्टीतल्या एकाने माइकवरूनच सांगितले, "बाबा, तुमची राहू द्या, आमचा ऑक्टोपॅड आहे." तात्यांनी ढोलकी खोळीत घातली, काखेत मारली आणि ते घरी गेले. पुढची दोन वर्षे ते विहारात गाण्याला आले नाहीत.

यात पार्टीचा हेतू वाईट होता असे आम्हाला वाटत नाही. दोष न ठरवलेल्या पट्टीचा होता. आणि ती ठरवून घेणे आम्हा आयोजकांचे काम होते.

आणखी एक बारीक बाब. जुन्या पेटीचे सूर वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि वापराने थोडे हलतात. की-बोर्डचा सूर हलत नाही. दोन्ही एकदम वाजले की कानाला खडा लागल्यासारखे होते. की-बोर्डवर सूर किंचित वर-खाली करण्याची सोय असते. तेव्हा पेटीने की-बोर्डला जुळवून घेणे शक्य नसते, की-बोर्डनेच पेटीला जुळवून घ्यायचे असते. दोन मिनिटांचे काम आहे, परंतु ते कार्यक्रमापूर्वीचे काम आहे.

ठेका आणि लय

बहुतेक भीमगीते आठ मात्रांच्या केरव्यात किंवा सहा मात्रांच्या दादऱ्यात बसलेली असतात. मंडळाला भजनी ठेक्याची सवय असते, तोही आठ मात्रांचा. म्हणून गाणे सुरू होताना अडचण येत नाही. ती येते चौथ्या मिनिटाला. हौशी माणसाला गाणे रंगले की राहवत नाही, टाळ जलद पडू लागतात आणि लय चढते. व्यावसायिक ढोलकीवाला लय बांधून ठेवतो. एक ओढतो आणि एक पळतो, मग समेवर कोणीच एकत्र येत नाही. याला उपाय सोपा आहे. टाळ-खंजिरीवाल्यांनी गायकाकडे न पाहता एका ढोलकीवाल्याच्या हाताकडे पाहायचे. कोणाच्या हाताकडे, हे आधी ठरलेले पाहिजे.

येथे आपल्या जिल्ह्याची एक वेगळी अडचण सांगितली पाहिजे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मंडळातले निम्मे हात त्या काळात फडावर असतात. आमचा एक तरुण ढोलकीवादक कारखान्याचा पट्टा पडला की गावी येतो. पाच महिने कोयता धरलेल्या त्या हाताला ढोलकीवरची बोटे पुन्हा मोकळी करायला आठवडा लागतो. जयंती त्याच्या आत येते. बाहेरून आलेल्या पार्टीला हे ठाऊक नसते. तिला वाटते की याला वाजवताच येत नाही. आपल्या भागात जयंतीचे कार्यक्रम मे महिन्यापर्यंत चालतात, त्यात पार्ट्यांच्या तारखांची सोय आहेच. मग एकत्र गाण्याचा कार्यक्रम १४ एप्रिललाच न धरता पुढे बुद्धपौर्णिमेला ठेवला तर परतलेल्या हातांना तालमीचा वेळ मिळेल.

शेवटचे कडवे

गाण्याचे शब्द जुळवणे हे तिसरे काम. एकच गीत दोन गावांत दोन प्रकारे म्हटले जाते. कुठे कडव्यांचा क्रम उलटा, कुठे एखादी ओळ बदललेली. मंडळाचा कोरस एक म्हणतो आणि गायक दुसरे. म्हणून गाणे आधी लिहून एकमेकांना दाखवावे.

यात सर्वांत महत्त्वाचे शेवटचे कडवे. वामनदादांसारखे कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. पार्टीला एका रात्रीत पंधरा-वीस गाणी म्हणायची असतात, त्यामुळे दोन कडवी झाली की गाणे आवरते घेतले जाते. कापले जाते ते शेवटचे कडवे आणि त्याबरोबर कवीचे नाव. पोरांना मग गाणे गायकाचेच वाटते. मंडळातली जुनी माणसे मात्र शेवटच्या कडव्याशिवाय गाणे खाली ठेवत नाहीत. या एका गोष्टीत हौशी मंडळाने पार्टीचे ऐकू नये, पार्टीने मंडळाचे ऐकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैशाचा प्रश्न

पार्टीला बिदागी आणि मंडळाला फक्त टाळ्या, हे कुठेतरी खुपते. आम्ही बँकेत बसत असल्यामुळे हिशेबाचे दोन शब्द बोलतो. पार्टीची बिदागी आधी ठरवून, लेखी घेऊन, कार्यक्रमाच्याच रात्री पूर्ण द्यावी. 'पट्टी गोळा झाली की पाठवतो' हे वाक्य कलावंतांनी फार ऐकले आहे. हंगाम दोन महिन्यांचा, पुढे पावसाळा. मंडळाला मानधन देता येत नसेल तर निदान ढोलकीचे पान, पेटीची दुरुस्ती आणि तालमीच्या दिवसाचे जेवण हा खर्च वर्गणीत धरावा. तो उपकार नव्हे, कार्यक्रमाचाच खर्च आहे.

राज्य शासनाची वृद्ध कलावंतांना मानधन देणारी योजना आहे. आमच्या काउंटरवर अधूनमधून एखादे थकलेले गृहस्थ पासबुक पुढे करून विचारतात, "साहेब, मानधन जमा झालं का?" त्यांच्यातल्या काहींनी उभ्या हयातीत शेकडो रात्री जागवल्या आहेत. पासबुकावर नोंद उमटवताना दर वेळी वाटते, की या माणसाला आपण स्टेजवर बोलावून निदान एक गाणे म्हणायला का लावत नाही?

जगात इतरत्र काय करतात?

हा प्रश्न एकट्या आपलाच नाही. इंग्लंडमध्ये गिरणी आणि खाणकामगारांचे पितळी वाद्यांचे बँड शेकडोंनी होते. यॉर्कशायरमधील ब्लॅक डाइक या कापड गिरणीच्या कामगारांचा बँड १८५५ सालापासून चालत आला. अशा बँडमध्ये वाजवणारे कामगार असत, पण स्पर्धेच्या आधी तालीम घ्यायला बिदागी देऊन जाणकार संचालक बोलावला जाई. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गाणारे वस्तीतले लोक असतात, ऑर्गन वाजवणारा मात्र अनेकदा पगारी असतो. दोन्हीकडे जाणकार माणूस हौशी मंडळींच्या जागी बसत नाही, तो त्यांच्याकडून करवून घेतो. आपण नेमके उलटे करतो. पार्टी बोलावतो आणि मंडळाला स्टेजवरून खाली उतरवतो. आणि पुढे पार्टीही परवडेनाशी झाली की डीजे लावतो. डीजेला पट्टी जुळवावी लागत नाही, कारण त्यात आपल्यापैकी कोणी गातच नाही.

काय करता येईल?

तात्या घरी बसल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी आम्ही काही नियम केले. पार्टीला दुपारी तीनला बोलावले आणि विहारात दोन तास एकत्र बसलो. मिळून म्हणायची गाणी तीनच ठेवली. एक काळी एकमध्ये, त्यात पुरुष पुढे. एक काळी चारमध्ये, त्यात महिला मंडळ पुढे. तिसरे पार्टीच्या पट्टीत, त्यात आम्ही फक्त ध्रुवपद उचलायचे. गाणी फळ्यावर लिहिली, शेवटच्या कडव्यासकट. माइक मोजून वाटले.

तात्यांना बोलवायला पार्टीचा ढोलकीवालाच गेला. वयाने त्यांच्या नातवाएवढा. त्याने ढोलकी पाहायला मागितली, शाईवर बोट फिरवले आणि विचारले, "आजोबा, ही कुठं भरली?" तात्यांनी उत्तर दिले नाही, पण खोळ सोडली. काळी एकच्या गाण्याला ते बसले. तो मुलगा त्या गाण्यात खंजिरी घेऊन त्यांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या हाताकडे पाहत राहिला. लय एकदा चढली, ती तात्यांनीच आवरली. गाणे काही फार अप्रतिम झाले असे नाही. आमचाच एक सूर चुकला. पण शेवटचे कडवे आले तेव्हा समोरची माणसे आपणहून गाऊ लागली.

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. आपापल्या गावच्या मंडळातली गाणी वहीत उतरवून घ्या. कोणी लिहिले, कोणाकडून ऐकले, कोणत्या पट्टीत म्हणतात, हेही टिपा. मोबाइलवर आवाज भरून घ्या. आपल्या संस्थेने अशी एक जाडजूड वही विहारात ठेवावी आणि जी पार्टी येईल तिच्यापुढे ती उघडावी. जयंतीच्या बैठकीत वर्गणीची पट्टी ठरली की लगेच दुसरा विषय घ्यावा, गाण्याच्या पट्टीचा. पहिल्या पट्टीला पैसे लागतात. दुसरीला दुपारचे दोन तास पुरतात.

जय भीम.